गोदूबाईला आत न सोडणारं दार

गोदूबाई पतपेढीची संचालिका झाली, ती तिला नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही म्हणून. बायकांसाठी एक जागा राखीव होती. उत्तनच्या मच्छीमार पतपेढीतल्या शहाण्यासुरत्या मंडळींनी ठरवलं होतं, की तिथं एखादी गरीब, गप्प बाई बसवावी, सहीपुरती. तेवढ्यात गोदूबाईनं अर्ज भरला आणि बाकीच्या बायांनी आपापले अर्ज मागं घेतले. झालं! सुके बोंबील विकणारी, भाईंदरच्या बाजारात मराठी, हिंदी आणि वेळ पडली तर गुजरातीतही भांडणारी, देवाला, साहेबाला आणि कुत्र्याला एकाच 'तू'नं हाक मारणारी ही बाई खुर्चीवर मांडी घालून बसली. पहिल्याच सभेत चहा पातळ आहे म्हणून तिनं अध्यक्षांना सुनावलं.

पण तिला हसण्यावारी नेऊ नका. त्या पतपेढीत बायांचा पैसा आला तो हिच्यामुळे. त्याआधी सुकं म्हावरं विकणाऱ्या बायांची कमाई तांदळाच्या डब्यात, उशीत, नाहीतर कनवटीला असायची, आणि नवऱ्याच्या हाती लागली की संध्याकाळपर्यंत संपायची. गोदूबाईनं एकेकीला मनगट धरून काउंटरपाशी उभं केलं. "ठेव इथं. बुडाले तर माझ्या घरी ये नि माझी पाटी, माझा कोयता घेऊन जा," असं ती सांगायची. बायांना पतपेढी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, गोदूबाई ठाऊक होती. सगळ्यांत आधी आली रेजिनाबाय, चर्चमागच्या आळीतली. दोघी लहानपणापासून एकमेकींशेजारी बोंबील वाळत घालत आलेल्या. एकीचं दुखलं की दुसरी कण्हायची, अशी ती मैत्री.

दोन हजार सालानंतर पतपेढीत कॉम्प्युटर आले. मागच्या बाजूला जुनी जाळी ठेवायची खोली होती, ती झाडून-रंगवून तिथं सर्व्हर बसवला. उत्तन, मोरवा आणि भाईंदर, तिन्ही शाखांचे हिशेब त्या एका काळ्या पेटीत. सर्व्हर हा शब्द गावात कुणी वापरला नाही. सगळे म्हणायचे 'मशीन'. मॅनेजर पराग, लालबागहून मीरा रोडला राहायला आलेला चुणचुणीत माणूस, त्यानं सांगितलं होतं की मशीनला थंडावा लागतो, म्हणून खोलीत एसी लावला. खोलीची किल्ली बाहेर खिळ्याला लटकायची. ज्याला वाटेल तो जाऊन मशीन बघून यायचा. म्हातारे दुपारी तिथं गारव्याला डुलकी काढायचे. आता गावातली वस्तू, तिला गावापासून लपवायची तरी कशी?

समुद्राकाठची हवा मात्र कुणाची भीड ठेवत नाही. खाऱ्या वाऱ्यानं एसीचा पत्रा खाल्ला, नळ्या खाल्ल्या, आणि दोन हजार सहाच्या मे महिन्यात, ऐन उकाड्यात, एसीनं मान टाकली. भाईंदरचा मेकॅनिक म्हणाला, पार्ट यायला वेळ लागेल. मशीन तापून टिटी करायला लागलं. परागनं सगळे पंखे तिकडं वळवले, कपाळाला हात लावला, आणि मशीन बंद करावं तर तिन्ही काउंटर बंद म्हणून घाम पुसत उभा राहिला.

गोदूबाई आली, तिनं आत डोकावलं आणि म्हणाली, "एवढंच ना? अरे, आपण इथं म्हावरं सडू देत न्हाय, ही तर लोखंडाची पेटी हाय!"

अर्ध्या तासात बर्फखान्यातून बर्फाच्या लाद्या आल्या. कोळ्यांच्या रीतीप्रमाणे फोडून, वर जाडं मीठ टाकून, मशीनच्या दोन्ही बाजूंना टब भरून ठेवले आणि पंखा त्यांच्यावरून फिरवला. खोली अशी गार पडली की आत गेलेली बाई पदर घट्ट ओढून बाहेर यायची. मशीनची टिटी थांबली. काय कौतुक झालं म्हणता! पराग तिच्या पाया पडला. भाईंदर शाखेची माणसं बघायला आली. एसी दुरुस्त झाला तरी गोदूबाईनं बर्फ काही थांबवला नाही. "जास्त गार झालं म्हणून कुणाचं वाईट झालंय?" असं म्हणून ती दुपारी बाजारातून परतताना खिळ्यावरची किल्ली काढायची, टब भरायची, मशीनच्या डोक्यावरून पदर फिरवायची आणि घरी जायची. पराग एकदा म्हणाला, "मावशी, ओल धरेल हो." ती म्हणाली, "तू तुझं टायपिंग बघ." तिला आणखी बोलायची त्याची हिंमत नव्हती.

नारळी पौर्णिमेच्या तोंडावर मशीन मेलं.

उत्तनला त्या दिवसांत काय असतं हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. पावसातली मासेमारीची बंदी संपत आलेली, नावा रंगवून झालेल्या. हिंदू दर्याला नारळ वाहणार, कॅथलिक फादरकडून नावेवर पवित्र पाणी शिंपडून घेणार, आणि मग सगळा गाव मिळून दर्यात शिरणार. पहिल्या खेपेला जे पापलेट मिळतं, त्यावर वर्षाचं गणित असतं. त्यासाठी डिझेल हवं, जाळं हवं, बर्फ हवा, आणि त्यासाठी पतपेढीतला पैसा हवा. काउंटरवर ही रांग लागली होती आणि मशीन ढिम्म. मेकॅनिकनं पेटी उघडली. आतल्या पट्ट्यांवर, न घासलेल्या तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा, हिरवा थर चढला होता. "खारी ओल," तो म्हणाला. "मिठाचं पाणी ठेवलं होतं काय इथं?"

सगळे गोदूबाईकडे बघत होते.

जुन्या कॉपीवरून आणि व्हाउचरच्या गठ्ठ्यांवरून परागनं हिशेब पुन्हा उभे केले. कुणाचा पैसा बुडाला नाही, पण दिवस गेले ते गेले. ज्यांनी शेजाऱ्याकडून, व्यापाऱ्याकडून उसनं मिळवलं ते दर्यात गेले. रेजिनाबायच्या नवऱ्याला कुणी दिलं नाही. गावाच्या सगळ्या नावा हार घालून निघाल्या आणि त्याची एकटी किनाऱ्यावर राहिली. रेजिनाबाय वाळूत उभी राहून बघत होती. मशीन दुरुस्त झालं त्याच दिवशी ती काउंटरवर आली, सगळा पैसा काढला, पदरात बांधला आणि गोदूबाईसमोरून निघून गेली. पाटी मागितली नाही की कोयता मागितला नाही. मागितला असता तर गोदूबाईला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून दोघी शेजारी बोंबील वाळत घालायच्या, पण बोलायच्या नाहीत.

गोदूबाई मात्र हट्टाला पेटली. "बर्फानं मशीन मेली म्हणं! मेकॅनिक खोटा हाय, त्याला नवीन मशीन खपवायची हाय." असं ती चारचौघांत ठणकावून सांगायची. घरी मात्र जेवायची नाही धड. बाकीच्या बाया पैसा काढायच्या विचारात होत्या, फक्त तिच्या तोंडाकडे बघून थांबल्या होत्या, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी, मार्चमध्ये, परागनं सभेपुढे प्रस्ताव ठेवला. नवी मुंबईत एक मोठं डेटा सेंटर आहे. पुष्कळ बँका आणि पतपेढ्या तिथं भाड्यानं जागा घेऊन आपापली मशीनं ठेवतात. आपणही ठेवायची. इथं फक्त काउंटर राहतील, मशीन तिथं. सभेत एकच गलका झाला. अध्यक्ष हरिश्चंद्र नाखवा, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस, तोही चिडला. "आपला पैसा गावाबाहेर? परक्याच्या खोलीत? तिथं कोण आपला?" अर्धे म्हणाले न्यावं, अर्धे म्हणाले प्राण गेला तरी नाही. उरलं एक मत, गोदूबाईचं.

आता आली का पंचाईत! हो म्हणावं आणि काही झालं, तर बायांना तोंड दाखवायला जागा नाही. नाही म्हणावं आणि येत्या नारळी पौर्णिमेला मशीन पुन्हा मेलं, तर या वेळी एक नाव नाही, दहा नावा किनाऱ्यावर राहतील, आणि त्या दहांच्या बायका तिच्याच शब्दावर तिथं आलेल्या.

"मी बघून येते," ती म्हणाली. "बघितल्याशिवाय मी तांदूळ घेत न्हाय, तर हे काय घेणार?"

परागनं जीप ठरवली. गोदूबाई ठेवणीतलं लुगडं नेसली, कानात सोन्याचे वेढे घातले, आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून निवडक सुक्या बोंबलांची एक पाटी बरोबर घेतली. काशिमीरा मागं पडलं, वरसाव्याला जीप घोडबंदर रोडला वळली, ठाणं गेलं, खाडीवरचा पूल गेला. जीपवाला सगळ्या काचा उघड्या ठेवून, नाक दाबून गाडी हाकत होता. गोदूबाई वाटेत एक शब्द बोलली नाही. असं तिच्या आयुष्यात क्वचितच झालं असेल.

इमारत बघून तिची निराशाच झाली. ना पाटी, ना खिडक्या. नुसती करडी भिंत. "ही काय बँकांची जागा? गोदाम हाय नुसतं," ती म्हणाली. पराग म्हणाला, "मावशी, नाव लावलं तर चोराला पत्ता दिल्यासारखं होईल ना." हे तिला थोडं पटलं.

गेटवरच्या गार्डनं पाटी बघितली आणि दोन पावलं मागं झाला. "माताजी, ये अंदर नहीं जाएगा."

"अरे, तेरे साबलोगों के वास्ते लाया है!"

"कुछ भी नहीं जाएगा. पानी की बोतल भी नहीं."

पाटी गेटवर राहिली. पुढच्या खोलीत रसिका भेटली, तिथली इंजिनिअर, पंचविशीची, केस घट्ट बांधलेली मुलगी. तिनं हसून दोघांना बसवलं. ठराव झालाच तर पतपेढीच्या वतीनं आत जाऊ शकणाऱ्यांत परागनं दोन नावं कळवली होती, एक स्वतःचं आणि एक गोदूबाईचं. त्यांच्या बोटांचे ठसे घ्यायचे, म्हणजे दार त्यांना ओळखेल, असं रसिकानं समजावलं. परागनं काचेवर बोट ठेवलं, हिरवा दिवा लागला. गोदूबाईनं ठेवलं, लाल दिवा लागला. दुसरं बोट, लाल. रसिकानं तिचा हात पुसला, थोडं क्रीम लावलं, दहाही बोटं एकेक करून दाबून बघितली. लाल, लाल, लाल. जन्मभर मासे साफ करून, मिठात आणि खवल्यांत बोटं घासून त्यांवरच्या रेषा कधीच पुसून गेल्या होत्या. मशीनच्या दृष्टीनं गोदूबाईला बोटंच नव्हती.

"सॉरी मावशी," रसिका म्हणाली. "रजिस्टर होत नाहीये. तुम्हाला काचेपर्यंत नेता येईल, पण आत हॉलमध्ये नाही."

मग काय विचारता! गोदूबाईचा पारा चढला. ती उभी राहिली आणि दोन्ही हात रसिकाच्या तोंडासमोर नाचवले. "याच बोटांनी कमवलेला पैसा तुझ्या खोलीत ठेवणार आणि याच बोटांना तू आत सोडत न्हाय? मी संचालक हाय! ह्या परागला विचार! तो काल आलेला पोर जाईल आणि मी बाहेर?" पराग मधे पडला, म्हणाला एक डाव सोडा, मी जबाबदारी घेतो. रसिका ओशाळली, पण हलली नाही. "मावशी, नियम माझ्या हातात नाही. मी इथं नोकरी करते ना, तुमच्या पिंजऱ्याला, म्हणजे तुमचं मशीन ठेवायच्या जाळीच्या कपाटाला, तर मीसुद्धा हात लावू शकत नाही. तुमच्या पतपेढीकडून लेखी आलं तरच तो उघडायचा, आणि तेही आमच्यातल्या दोघांनी मिळून. आमच्या मोठ्या साहेबांनाही त्याशिवाय परवानगी नाही."

"तुझ्या सायबाला पण न्हाय?"

"नाही."

गोदूबाई खाली बसली. तिला राग आला होता आणि रागाच्या खाली दुसरंच काही सुरू झालं होतं, पण ते काय हे तिला अजून कळलं नव्हतं.

रसिकानं त्यांना जे दाखवता येतं ते सगळं दाखवलं. आधी नेलं ते मागच्या अंगाला, जनरेटरपाशी. गोदूबाई नावांच्या इंजिनांत वाढलेली बाई. ती दारात थबकली. एकेक इंजिन तिच्या घराएवढं, आणि अशी रांगच. "ही चालतात कधी?" तिनं विचारलं. रसिका म्हणाली, "वीज गेली तरच. पण थंड पडू देत नाही, सतत कोमट ठेवतो, म्हणजे हाक मारली की लगेच उठतील." जमिनीखाली डिझेलच्या टाक्या, अख्खं शहर अंधारात गेलं तरी पुरेल इतक्या. एकीकडून आलेली विजेची तार तुटली तर दुसरीकडून आलेली वेगळी तार. नंतर बॅटऱ्यांची खोली, कपाटंच्या कपाटं. नंतर थंड हवेची यंत्रं, आणि ती जेवढी लागतात त्यांहून जास्त, एखादं बिघडलं तर शेजारचं आपोआप सुरू व्हावं म्हणून. गोदूबाई एकेका ठिकाणी पदर तोंडाला लावून उभी राहत होती. "आई एकवीरे," एवढंच तिच्या तोंडून निघत होतं.

मग ती काच आली.

काचेपलीकडे हॉल होता. माणूस एक नाही. उंच काळी कपाटं, रांगांमागून रांगा, पार नजर पोचेपर्यंत, प्रत्येकाला जाळीचं दार, आणि आत हिरवे-निळे बारीक दिवे लुकलुकताहेत. दर्यात पौष महिन्यात सगळ्या नावा एका ठिकाणी जमल्या की लांबून असे दिवे दिसतात. फरशीला भोकं होती, त्यांतून खालून गार हवा वर येत होती, असं रसिकानं सांगितलं. आणि आवाज! काचेतूनही तो घुमत होता, एकसारखा, न थांबणारा. गोदूबाईनं काचेला तळहात लावला, तेव्हा तो तळव्यालाही जाणवला.

"आमची कुठली असेल?"

"ती तिकडची, कोपऱ्यातली जागा तुमच्यासाठी ठेवलीय."

"आणि बाजूची एवढी मोठी कुणाची?"

"एका मोठ्या बँकेची. नाव नाही सांगता येणार."

"मग आम्ही कोण ते त्यांना सांगशील?"

"नाही ना. त्यांनाही नाही."

एवढ्यात भोंगा वाजला आणि त्यांच्या डोक्यावरचे दिवे गेले. मिट्ट काळोख. परागनं "अरे!" केलं. गोदूबाईनं रसिकाचा दंड पकडला. "घाबरू नका, महिन्याची चाचणी आहे," रसिका म्हणाली, "आम्ही मुद्दाम बाहेरची वीज तोडतो." गोदूबाईचं तिकडं लक्षच नव्हतं. ती काचेपलीकडे बघत होती. पॅसेजमध्ये काळोख होता आणि आत हजारो दिव्यांतला एकसुद्धा दिवा मिटला नव्हता. नुसता मंदसुद्धा झाला नाही. तो घुमणारा आवाज तसाच होता. मग पायांखालून, लांबून, ती घराएवढी इंजिनं जागी झाल्याची गुरगुर आली आणि वरचे दिवे परत लागले. गोदूबाईनं दोन्ही हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं पुसलंही नाही.

"किती पैसा लागला असेल गो हे सगळं करायला?"

"एकट्याला परवडणारच नाही मावशी. म्हणून तर सगळे इथं येतात. आधी प्रत्येक बँक आपापल्या ऑफिसात ठेवायची. कुणाच्या एसीचा प्रॉब्लेम, कुणाच्या विजेचा. त्या दोन हजार पाचच्या जुलैतल्या पुरात तर कितीतरी ऑफिसांतली मशीनं पाण्यात गेली. मग लोकांना कळलं, की मशीन विकत घेणं सोपं, ते रात्रंदिवस जागं ठेवणं कठीण. ते काम सगळ्यांनी मिळून एका जागी केलं की लहान पतपेढीलाही मोठ्या बँकेइतकीच हवा, तेवढीच वीज, तेवढाच पहारा मिळतो. आणि इथंच काही झालं तर सगळ्याची दुसरी कॉपी लांब दुसऱ्या शहरात असते, समुद्रापासून दूर."

"म्हणजे बर्फखाना!" गोदूबाई एकदम म्हणाली. पराग आणि रसिका दोघं तिच्याकडे बघत राहिले. "अरे, एकेका नावेनं आपला आपला बर्फखाना काढला असता तर म्हावरं कोण मारणार होतं? सगळ्यांनी मिळून एक काढला. बर्फ ज्याचा त्याचा, म्हावरं ज्याचं त्याचं, कारखाना एक."

"अगदी तसंच," रसिका म्हणाली.

गोदूबाई पुन्हा काचेकडे वळली. मग हळूच, तिचा आवाज नाहीच असं वाटावं अशा आवाजात तिनं विचारलं, "बाय, समज, ती गार हवा बंद पडली. समज, मी आले बर्फ घेऊन. मीठ टाकलेला, भरपूर. तुमच्या भल्यासाठी. तर तू काय करशील?"

परागनं खाली मान घातली. रसिकाला मागचं काही माहीत नव्हतं. ती मोकळेपणानं हसली. "मावशी, गेटवरच अडवतील हो तुम्हाला! बोंबलांची पाटी नाही आली आत, बर्फ कुठला येतोय?"

गोदूबाई हसली नाही. इतके महिने ती मेकॅनिकला शिव्या घालत होती, खाऱ्या हवेला बोल लावत होती. तिला आता पहिल्यांदा स्वच्छ कळलं, की मशीन तिनं मारलं होतं, आणि मायेनं मारलं होतं, आणि तिला थांबवायला तिथं एक माणूस नव्हता. परागला भीड, अध्यक्षांना भीड, किल्ली खिळ्यावर. इथं ही काल जन्मलेली पोर तिच्या तोंडावर नाही म्हणाली होती आणि हलली नव्हती. जो राग आला होता त्याच्या खालचं ते दुसरं काय, हेही तिला कळलं. तिला त्या पोरीचा फार मोठा आधार वाटला. इतका, की तिथंच खाली बसून मोठ्यानं रडावं असं वाटलं. तिनं रसिकाच्या गालावरून आपला तो रेषा नसलेला हात फिरवला आणि म्हणाली, "कुणाच्या बापाला सोडू नको गो."

सभेत तिनं फार वेळ घेतला नाही. इंजिनं सांगितली, दिवे सांगितले, काळोखात न मिटलेले. हरिश्चंद्र नाखव्यानं विचारलं, "तिथं आपला माणूस कोण?" ती म्हणाली, "कुणी न्हाय. म्हणूनच बरं हाय." आणि हात वर केला. त्या एका हातावर ठराव पास झाला. नाखवा मिशा चोळत बसून राहिला.

ठराव झाला तरी खरी सभा व्हायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर बाया बोंबील वाळत घालत होत्या. बांबूंच्या रांगांवर दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगायचे, असं ते काम. गोदूबाई पोचली तशा बाया हात थांबवून भोवती जमल्या. सगळ्यांना एकच विचारायचं होतं. आपला पैसा आता कुठं? तिथं राखण कोण करतं? गोदूबाईनं सांगायला सुरुवात केली, पण ती इंजिनं, ती हवा, त्या रांगा, तिच्याकडे शब्दच पुरेनात. ती नुसती हात पसरून दाखवत होती. बाया ऐकत होत्या, पण त्यांची तोंडं काही उजळेनात.

पलीकडच्या बांबूपाशी रेजिनाबाय पाठ करून बोंबील टांगत होती. नारळी पौर्णिमेपासून तिनं गोदूबाईला हाक मारली नव्हती. तिनं पाठ न वळवताच विचारलं, "तू आत जाऊन मशीनला हात लावून आलीस?"

गोदूबाईला खोटं बोलता आलं असतं. हो म्हणाली असती तर बायांना तेच हवं होतं.

"न्हाय," ती म्हणाली. "मला आत सोडली न्हाय."

रेजिनाबाय वळली. "तुला?"

"मला. बोटं दाखवली, संचालक हाय म्हटलं, शिव्या घातल्या. एवढीशी पोर होती, ती दारातून हलली न्हाय. बर्फ घेऊन येते म्हटलं, तर म्हणाली गेटवर अडवतील." मग तिनं पुढचं बोलून टाकलं. "रेजिना, तेव्हा ती पोर इथं असती तर तुझी नाव किनाऱ्यावर न्हाय राहिली असती."

रेजिनाबाय तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं हातातले बोंबील बांबूवर टाकले, हात लुगड्याला पुसले, कमरेची पैशांची पुरचुंडी सोडली आणि गोदूबाईच्या ओंजळीत ठेवली.

"मग माझे पण तिथंच ठेव," ती म्हणाली. "जिथं तुला आत सोडत न्हाय, तिथं."